टोकाची बांधी

शाळामास्तराचे अर्धे आयुष्य नोंदवह्यांत जाते. दाखल-खारीज, हजेरीपट, शिष्यवृत्तीच्या याद्या, मध्यान्ह भोजनाचा हिशेब. या वह्या भरता भरता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. नोंदवहीला प्रत्येक घटनेचे एकच कारण हवे असते. मुलगा शाळा सोडून का गेला? 'स्थलांतर'. मुलगी महिनाभर का आली नाही? 'घरगुती कारण'. रकाना भरला की वही मिटते आणि प्रश्नही मिटला असे आपण धरून चालतो.

मृत्यूच्या नोंदवहीचेही तसेच आहे. दोन वर्षांचे मूल गेले की रकान्यात 'न्यूमोनिया' लिहितात, 'अतिसार' लिहितात, नाहीतर नुसताच 'ताप'. ते खोटे असते असे नाही. पण ते पुरते खरेही नसते. त्या मुलाचे वजन जेमतेम सहा किलो होते, हे त्या रकान्यात मावत नाही. आणि त्याला दिलेल्या औषधाला आतल्या जंतूंनी दादच दिली नाही, हे लिहायला तर रकानाच नसतो. या न लिहिल्या जाणाऱ्या दोन गोष्टींविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. मी डॉक्टर नव्हे. पण ज्या मुलांच्या धाकट्या भावंडांवर ही वेळ येते, ती मुले माझ्या वर्गात बसतात, एवढा माझा या विषयाशी संबंध आहे.

वैनगंगेच्या काठचा आमचा बालाघाट जिल्हा. १९५६ सालापर्यंत आमची राजधानी नागपूर होती, नंतर ती भोपाळ झाली. कचेरीची भाषा हिंदी, पण कितीतरी घरांत बोली मराठी किंवा पोवारी. खाली वारासिवनी-लांजीकडे धानाच्या बांध्या आणि तलाव. वर बैहर, परसवाडा, बिरसाकडे सालाचे आणि बांबूचे जंगल व त्यात गोंड-बैगांची गावे. मलाजखंडचे तांबे आणि भरवेलीचे मॅंगनीज दूरवर जाते. आमच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जिल्हा दरिद्री आहे असे कोणी म्हणू नये. पण याच जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत मुलांच्या दंडाला गुंडाळायची एक तिरंगी पट्टी असते. हिरवा, पिवळा आणि लाल असे तिचे तीन रंग. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की पट्टी लाल रंग दाखवते. मुलांच्या कंपासपेटीत पंधरा सेंटिमीटरची पट्टी असते. ती वाकवून त्या दंडाभोवती गुंडाळता आली, तर पुरा वेढा होऊन साडेतीन सेंटिमीटर उरतील. एवढासा तो दंड! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ७.७ टक्के मुले उंचीच्या मानाने अशी अतिशय रोडावलेली आढळली. म्हणजे शंभराच्या वर्गात सात-आठ मुले.

आमच्याकडे अशा मुलाला 'सूखा लगा है' म्हणतात. कोणी नजर काढतो, कोणी गंडा बांधतो. भूक हे कारण फारसे कोणी सांगत नाही, कारण मूल खात नाही हे आईला दिसत असते. खायला दिले तरी तोंड फिरवते, मग भूक कसली? पण खाण्याची इच्छा मरणे हेच त्या आजाराचे लक्षण. शरीराला पुरेसे इंधन मिळाले नाही, की ते घरातला एकेक दिवा मालवत जाते. स्नायू झिजतात. छातीतली थायमस नावाची ग्रंथी, जिथे रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होतात, ती आक्रसते. आतड्याचे अस्तर पातळ होते आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरू लागतात. सर्वांत वाईट म्हणजे अशा मुलाला बरेचदा तापही येत नाही. ताप आणायलाही शरीरात बळ लागते. उलट अंग गार पडते, रक्तातली साखर उतरते, मूल निपचित पडते. 'ताप नाही म्हणजे बरे आहे' असे घरच्यांना वाटते, आणि त्याच वेळी रक्तात जंतूंनी ठाण मांडलेले असते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची उपचारपद्धती असे सांगते की, अतितीव्र कुपोषणाचे जे मूल गुंतागुंत होऊन दवाखान्यात भरती होईल, त्याला जंतुसंसर्ग आहे असे धरूनच चालावे आणि पहिल्या दिवसापासून प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, द्यावे. सहसा अँपिसिलिन आणि जेंटामायसिन. त्याबरोबर ऊब द्यायची, साखर द्यायची आणि थोडे थोडे पातळ दूध दर दोन-तीन तासांनी पाजायचे. एकदम पोटभर दिले तर थकलेले हृदय ते पेलत नाही. मला सर्वांत नवल वाटले ते लोहाचे. असे मूल पांढरेफटक असते, तरीही पहिल्या टप्प्यात त्याला लोहाचे औषध देत नाहीत, कारण शरीर ते धड वापरू शकत नाही आणि जंतूंना मात्र त्याचा लाभ होऊ शकतो. मुलाच्या आधी शत्रूच जेवतो म्हणा ना!

भूक आणि जंतू यांची ही भागीदारी जुनी आहे. नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन या तिघांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी यावर एक ग्रंथच लिहिला. कुपोषणाने संसर्ग बळावतो, संसर्गाने कुपोषण वाढते, आणि दोन्ही मिळून जेवढी हानी करतात ती वेगवेगळ्या हानींच्या बेरजेपेक्षा मोठी असते, हे त्यांचे सांगणे. यांतले टेलर हे मसुरीला जन्मलेले. पंजाबात नारंगवाल येथे त्यांनी मोठे काम केले. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकलेले एक मराठी डॉक्टर गडचिरोलीला परत आले. ते म्हणजे डॉ. अभय बंग.

आमची वैनगंगा पुढे भंडारा ओलांडून गडचिरोलीच्या पश्चिम शिवेवरून वाहते. तिथे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था उभी केली. गावातली लहान मुले सर्वांत जास्त कशाने दगावतात याचा शोध घेताना न्यूमोनिया पुढे आला. तेव्हा त्यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवले. मूल मिनिटाला किती श्वास घेते हे मोजायचे. ज्या सुइणींना पुढचे आकडे येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे साधन केले. श्वास जलद भरला की कोट्रायमॉक्सॅझोल नावाचे स्वस्त औषध द्यायचे. १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात याचा अहवाल आला. ज्या गावांत हे काम झाले, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. पुढे १९९९ साली नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा त्यांचा अहवाल आला. त्यात गावातल्या प्रशिक्षित स्त्रीने दिलेले जेंटामायसिनचे इंजेक्शनही होते.

अंगठाबहाद्दर म्हणून जिला आपण बाजूला सारतो, त्या बाईच्या हातातल्या औषधाने मुले वाचली. या गोष्टीचा मला फार अभिमान वाटतो. पण तो अभिमान बाळगताना एक अटही ध्यानात ठेवली पाहिजे. ती बाई औषध देण्याआधी श्वास मोजत होती. ज्याला गरज त्यालाच औषध, आणि दिलेले औषध जंतूंवर चालणारे, या दोन खांबांवर ते यश उभे होते. आज दोन्ही खांब हलत आहेत.

मागे आमच्या शाळेतली नववीतली एक मुलगी तीन आठवडे आली नाही. बैहरकडची, हुशार. निरोप धाडला तेव्हा तिचे वडीलच भेटायला आले. धाकटा मुलगा आईसह पोषण पुनर्वास केंद्रात होता, म्हणून घर, शेळ्या आणि मधली बहीण या पोरीच्या गळ्यात पडली होती. पोषण पुनर्वास केंद्रात आमच्याकडे साधारण चौदा दिवस राहावे लागते. आईला बुडीत मजुरीही मिळते. पण घरच्या शेळ्या कोणी बघायच्या, याची तजवीज कोणत्याही योजनेत नाही. मी विचारले, "आधी काही औषध दिले होते का?"

"दिया था ना, गुरुजी," ते म्हणाले. "सर्दी हुई तब दिया, दस्त लगी तब दिया. दुकानवाला अच्छी वाली देता था, महंगी वाली. दो दिन में बंद कर देते थे, बच जाती तो अगली बार काम आती."

दुकानदार कोणी डॉक्टर नव्हता, आणि हा माणूस निष्काळजी बाप नव्हता. उलट मुलासाठी मजुरीचे पैसे मोडून त्याने महागाचे औषध घेतले होते. बहुतेक सर्दी आणि लहान मुलांचे पुष्कळसे जुलाब विषाणूंमुळे होतात. त्यांवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो. जुलाबात हवे असते मीठ-साखरेचे पाणी आणि जस्ताची गोळी. पण हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. प्रत्येक अनावश्यक गोळीने त्या मुलाच्या आतड्यातले दुबळे जंतू मारले आणि चिवट जंतूंना जागा मोकळी करून दिली. तण काढायला गेलो आणि धानच उपटून आलो, तशातला हा प्रकार.

त्या मुलाला पुढे मोठ्या दवाखान्यात हलवावे लागले. नेहमीच्या औषधांनी चार दिवसांत उतार पडेना, तेव्हा डॉक्टरांनी वरच्या दर्जाचे औषध सुरू केले. मूल वाचले. मुलगी महिन्यानंतर शाळेत आली. सहामाहीत गणितात मागे पडली. मी त्या डॉक्टरांना भेटलो, तर ते म्हणाले, "सर, ह्या वेळी दुसरे औषध हाताशी होते. ह्याच्या पुढचे फारसे काही आमच्याजवळ नाही." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

सप्टेंबर १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलिनचा शोध लागला, आणि १९४५ साली नोबेल पारितोषिक घेतानाच त्याने बजावले होते की, हे औषध अपुऱ्या मात्रेत घेतले गेले तर जंतू त्याला सरावतील. तसेच झाले. २०१९ या एका वर्षात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंच्या संसर्गामुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांत दर पाचांत एक पाच वर्षांखालचे मूल होते. गडचिरोलीत ज्याने मुले वाचवली त्या कोट्रायमॉक्सॅझोलऐवजी आता न्यूमोनियासाठी अमॉक्सिसिलिनला पहिली पसंती आहे. जुन्या औषधाला न जुमानणारे जंतू वाढले, हे त्यामागचे एक कारण.

कुपोषित मुलांपुरता या प्रश्नाचा सर्वांत कसोशीने तपास झाला तो आफ्रिकेत. तिथे एक पेच उभा राहिला. ज्या मुलांना गुंतागुंत नाही, भूक लागते, जी घरीच उपचार घेऊ शकतात, त्यांना सरसकट अँटिबायोटिक द्यावे की नाही? मलावी देशातला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसता पौष्टिक आहार घेणाऱ्या मुलांपैकी ७.४ टक्के दगावली, तर अमॉक्सिसिलिनही मिळालेल्यांपैकी ४.८ टक्के. म्हणजे द्यावे. २०१६ साली नायजर देशातला अभ्यास आला. तिथे बरे होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. म्हणजे देऊ नये? शिवाय नायजरमध्येच असे आढळले की, ज्यांना अमॉक्सिसिलिन दिले त्यांच्या आतड्यात आठवडाभरातच प्रतिरोधक जंतू दुसऱ्या गटापेक्षा पुष्कळ अधिक झाले. आज वाचवण्यासाठी दिलेली गोळी उद्याची गोळी निकामी करते, असा हा पेच. गडचिरोलीची सुईण श्वास मोजत होती त्याचे महत्त्व इथे कळते. कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे ओळखण्यातच सगळे आले.

नायजरमधली आणखी एक हकीकत २०२५ साली प्रसिद्ध झाली. २०१६-१७ मध्ये दवाखान्यात भरती झालेल्या तेराशेहून अधिक अतिकुपोषित मुलांची तपासणी झाली होती. त्यांत चारांतल्या एका मुलाजवळ असे जंतू सापडले, की ज्यांच्यावर शेवटची राखीव समजली जाणारी औषधेही चालत नाहीत. आणि येताना ज्यांच्याजवळ असे जंतू नव्हते, त्यांतलीही बरीच मुले घरी जाताना ते घेऊन गेली. या जंतूंच्या अंगी असलेल्या एका जनुकीय खुणेचे नाव आहे 'एनडीएम'. त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ 'न्यू डेल्ही'. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात २००८ साली ती प्रथम सापडली म्हणून हे नाव पडले, आणि त्यावरून आपल्याकडे पुष्कळ संताप व्यक्त झाला. संताप रास्त असेलही. जंतूंना देश नसतो हे खरे. पण सहाराच्या काठावरच्या भुकेल्या पोराच्या पोटात आपल्या राजधानीच्या नावाची वस्तू निघावी, हे वाचून मला आमच्या पठारावरची पोरे आठवली. तिथे कोणी मोजले म्हणून कळले.

आमच्या भागातल्या वाचकांना एक उदाहरण चटकन पटेल. भंडारा, गोंदिया, बालाघाट हा तलावांचा मुलूख. मालगुजारांच्या काळात या तलावांचे पाणी कोणत्या बांधीला केव्हा सुटायचे याची रीत ठरलेली असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि पाळ कोणी दुरुस्त करायची, गाळ कोणी काढायचा, याची जबाबदारी कितीतरी ठिकाणी कोणाचीच राहिली नाही. अशा तलावातून जो तो आपापल्या बांधीत पाणी ओढतो. तलावाजवळची बांधी तुडुंब भरते. नासाडी होते ती तिथे. आणि करपते ती टोकाची बांधी.

अँटिबायोटिक ही अशीच गावसामायिक मालमत्ता आहे. शहरात सर्दीपडशाला घेतलेली गोळी, कोंबडी लवकर वजनदार व्हावी म्हणून खाद्यात मिसळलेले औषध, दुकानदाराने चिठ्ठीवाचून दिलेली 'अच्छी वाली', हे सारे एकाच तलावातून उपसलेले पाणी. धडधाकट माणसाला औषध चालले नाही तरी त्याचे शरीर बरेचदा आपण होऊन लढते. ज्याच्या शरीराने लढायची ताकदच गमावली, ते साडेअकरा सेंटिमीटर दंडाचे मूल म्हणजे टोकाची बांधी. त्याचा सगळा भरवसा औषधावर, आणि औषध त्याच्यापर्यंत पोचते तेव्हा त्यातला दम सरलेला असतो. ज्याने तलावातून सर्वांत कमी घेतले, त्याचेच पीक आधी जाते.

कायदे नाहीत असे नाही. मार्च २०१४ पासून कितीतरी प्रतिजैविके एच-१ या वेगळ्या अनुसूचीत आली. ती चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि दुकानदाराने त्यांची वेगळी नोंद ठेवायची असते. कोलिस्टिन हे राखीव औषध कोंबड्या-जनावरांना देण्यावर २०१९ साली बंदी आली. त्याच वर्षी केरळपाठोपाठ आमच्या मध्य प्रदेशानेही या प्रश्नावर राज्याचा कृतिआराखडा केला. पण आराखडा भोपाळहून बैहरच्या आठवडी बाजारापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि जिथे डॉक्टर वीस कोसांवर आहे तिथे 'चिठ्ठी आण' म्हणणे म्हणजे 'औषध नको' म्हणण्यासारखेच. नुसती बंदी घालून भागणार नाही. तिथे श्वास मोजणारी बाई हवी, तिच्या हाती योग्य औषध हवे, आणि ते कोणाला नको हे सांगण्याचा अधिकारही तिच्याकडे हवा.

आणि खरा इलाज औषधाच्या आधी आहे. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे. जे मूल न्यूमोनियाने पडलेच नाही, त्याला औषध लागत नाही. स्वच्छ पाणी, सहा महिने अंगावरचे दूध, त्यानंतर तेल घातलेला वरणभात आणि जमेल तेव्हा अंडे, हीच जंतूंवरची पहिली औषधे होत, आणि यांना कोणताही जंतू सरावत नाही. भुकेवर अन्न द्यायचे सोडून आपण गोळी देत राहिलो, तर एक दिवस अन्नही कमी पडेल आणि गोळीही.

शाळेत जीवशास्त्राच्या तासाला सूक्ष्मजीव शिकवतात, आणि परीक्षेत 'पेनिसिलिनचा शोध कोणी लावला' हा प्रश्न येतो. त्याला एक गुण असतो. मी आमच्या शिक्षकांना सांगून आणखी एक प्रश्न वर्गात विचारायला लावला आहे: 'घरी सर्दी झाली तेव्हा कोणते औषध आणले, आणि ते कोणी सांगितले?' याला गुण नाहीत. उत्तरे मात्र मुले भराभर देतात, आणि ती ऐकून घेता घेता तास संपतो. नववीतल्या त्या मुलीने उत्तर लिहूनच आणले होते. तिने भावाच्या साऱ्या औषधांची यादी केली होती. नावे येत नव्हती तिथे गोळीचा रंग लिहिला होता. यादीच्या शेवटी एक ओळ होती: 'यातले कोणते लागत होते?'